लांब पल्ल्याची धाव आणि घरचा आहार
(पांढुर्णा व सौंसर भागातील धावपटू, पालक व शिक्षक यांच्यासाठी)

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन 2023 साली त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. कापूस, ज्वारी, तूर, भुईमूग आणि संत्रा ही या भागाची ओळख जुनीच आहे. अलीकडच्या काळात तीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. दिवस उजाडण्यापूर्वी गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यांवर मुले आणि मुली धावताना दिसतात. कोणी सैन्यभरतीची तयारी करीत असतो, कोणी पोलीस शिपायाच्या परीक्षेची, तर कोणी वनरक्षकाच्या. पुरुष उमेदवारास 4 तासांत 25 किलोमीटर व महिला उमेदवारास 14 किलोमीटर चालून दाखवावे लागते, अशी वनरक्षकाची परीक्षा असते. शालेय क्रीडास्पर्धांसाठी 3,000 व 5,000 मीटरचा सराव करणारे विद्यार्थीही त्यांत असतात.

या तरुणांच्या सरावाविषयी गावात पुष्कळ बोलले जाते. कोण किती मिनिटांत पोहोचला, कोणाचे बूट कोणते, कोणत्या तारखेस भरती आहे, याची चर्चा पारावर होते. तो तरुण पहाटे काय खाऊन निघाला आणि परत आल्यावर त्याच्या ताटात काय पडले, याची चौकशी मात्र क्वचितच होते. बहुधा तो रिकाम्या पोटी निघतो, परत आल्यावर चहा घेतो, लगेच शेतावर किंवा महाविद्यालयात जातो आणि दुपारी बारा-एकच्या सुमारास पहिले जेवण जेवतो. भरतीस वयाची मर्यादा असते, जागा मोजक्या असतात आणि संधी एकदोनदाच मिळते. अशा वेळी महिनोन् महिने केलेली मेहनत केवळ अपुऱ्या अन्नामुळे वाया जावी, ही साधी हानी नव्हे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अशक्त शरीराकडून अशी मेहनत करून घेतल्यास आजार जडतो, आणि तो पुढे अनेक वर्षे पाठ सोडत नाही.

धावताना शरीर काय खर्च करते

ढोबळ हिशेब असा की, एक किलोमीटर धावण्यास शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी उष्णता खर्च होते. 55 किलो वजनाचा तरुण 10 किलोमीटर धावला तर साधारण 550 कॅलरी खर्च होतात. हा खर्च नेहमीच्या गरजेव्यतिरिक्तचा असतो. दिवसभराचे श्वसन, हालचाल, अभ्यास व घरकाम यांसाठी त्यास सुमारे 2,400 कॅलरी लागतातच. म्हणजे एकूण गरज 3,000 कॅलरींच्या आसपास जाते. त्यात शेतातील मेहनत असेल तर ती आणखी वाढते.

ही उष्णता शरीर मुख्यतः दोन साठ्यांतून घेते. एक साठा चरबीचा. तो मोठा असतो, पण त्यातून शक्ती सावकाश मिळते. दुसरा साठा पिष्टमय पदार्थांपासून बनलेल्या ग्लायकोजेनचा. तो स्नायूंत व यकृतात असतो, त्यातून शक्ती त्वरित मिळते, परंतु तो लहान असतो. चांगले जेवलेल्या धावपटूच्या शरीरातही तो सुमारे 500 ग्रॅमच भरतो. बैलगाडीला वंगण न घालता ती ओढावी, तशी हा साठा संपल्यावरची धाव होते. पाय जड होतात, डोके हलके वाटते, वेग एकदम पडतो. पुष्कळ मुले यास ‘दम कमी पडला’ असे म्हणतात. वस्तुतः दम शाबूत असतो. कोठी रिकामी झालेली असते. रात्रभरच्या उपवासाने यकृतातील साठा बराचसा उतरलेला असतो, म्हणून पहाटे काहीही न खाता केलेली लांब धाव अधिक कष्टाची ठरते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शहरांतून आलेल्या सल्ल्यानुसार काही तरुण भाकरी व भात कमी करतात आणि डब्यातील प्रथिनांच्या पावडरीवर पैसे घालवितात. लांब पल्ल्याच्या धावपटूस हा सल्ला उलटा पडतो. रोज तासभर किंवा अधिक मेहनत करणाऱ्यास वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसास 6 ते 8 ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात. 55 किलोच्या धावपटूस हे प्रमाण 330 ते 440 ग्रॅम होते. ते ज्वारी, गहू, तांदूळ, मका यांतूनच यावयाचे. प्रथिनांची गरज प्रत्येक किलोमागे साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम, म्हणजे 66 ते 88 ग्रॅम असते. ती घरच्या अन्नातून भागते की नाही, याचा हिशेब आता पाहू.

आपल्या भागातील एक दिवसाचे ताट

वर सांगितलेल्या 55 किलो वजनाच्या, रोज सरासरी 10 किलोमीटर धावणाऱ्या तरुणासाठी दिवसभराचे अन्न असे असू शकते. धान्य 450 ग्रॅम, म्हणजे चार चांगल्या मोठ्या भाकरी व थोडा भात. तूर, मूग, हरभरा, चवळी अशी कडधान्ये व डाळी 110 ग्रॅम. शेंगदाणे, तीळ, जवस मिळून 40 ग्रॅम, म्हणजे एक मूठभर दाणे व दोन वेळची चटणी. दूध, दही किंवा ताकास लागणारे दूध धरून 400 मिलिलिटर. तेल 30 ग्रॅम, गूळ 35 ग्रॅम. पालेभाजी, फळभाजी व कंद मिळून 400 ग्रॅम, आणि एखादे-दोन फळे. या सर्वांची बेरीज जवळजवळ 3,000 कॅलरी होते. प्रथिने मोजली तर धान्यांतून 45 ग्रॅम, डाळींतून 24, दाण्यांतून 10, दुधातून 13 आणि भाज्यांतून थोडी, अशी 95 ते 100 ग्रॅम भरतात. पावडरीचा एकही चमचा न घेता गरज भागून शिल्लक उरते. जे अंडी, मासे किंवा मटण खातात त्यांना तर काहीच अडचण नाही. दोन अंडी म्हणजे 12 ते 13 ग्रॅम उत्तम प्रथिने.

भाकरी आणि वरण एकत्र खाण्यामागे आपल्या पूर्वजांचा अनुभव आहे आणि पोषणशास्त्र त्यास दुजोरा देते. धान्यातील प्रथिनांत लायसिन या घटकाची उणीव असते, ती डाळ भरून काढते; डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. यास्तव ठेचा-भाकरी हे जेवण चवीला कितीही चांगले असले तरी धावपटूसाठी ते अर्धेच जेवण होय. तोच ठेचा झुणक्याच्या, पातोडीच्या किंवा मुगाच्या उसळीच्या जोडीला आला की जेवण पुरे होते.

आता खरी अडचण. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, 2013 नुसार प्राधान्य गटातील कुटुंबास दरडोई दरमहा 5 किलो धान्य मिळते. दिवसाचे ते सुमारे 165 ग्रॅम होते. धावणाऱ्या तरुणास लागणाऱ्या 450 ग्रॅमांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिकच त्यातून भागते, आणि डाळ, तेल, भाजी यांचा खर्च कुटुंबासच करावा लागतो. ज्या घरात मजुरीवर संसार चालतो तेथे तुरीचा भाव चढला की वरण पातळ होते, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून अशा कुटुंबांनी कोठे पैसा वाचवावा व कोठे वाचवू नये, हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. बिस्किटे, रंगीत पेये, पाकीटबंद कुरकुरीत पदार्थ आणि पावडरीचे डबे यांवर वाचवावा. डाळ, दाणे आणि दूध यांवर वाचवू नये. तूर महाग असेल तेव्हा हरभऱ्याची डाळ, फुटाणे, चवळी किंवा मूग वापरावेत. घरच्या शेतातील तूर विकताना वर्षभराच्या खाण्याइतकी आधी बाजूला काढून ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

लाखोळीच्या डाळीबद्दल येथे एक शब्द. ती स्वस्त असते आणि विदर्भात व मध्यप्रदेशात पूर्वीपासून खाल्ली गेली आहे. तथापि तिच्यात असलेल्या एका विषारी घटकामुळे, ती महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांतील शक्ती कायमची जाण्याचा विकार जडू शकतो. ज्याची सारी भिस्त पायांवर आहे, त्याने हा धोका का पत्करावा?

केव्हा खावे

पहाटे निघण्यापूर्वी अर्ध्या तासाने पचेल असे थोडे खावे. एक केळे, किंवा मूठभर मुरमुरे आणि गुळाचा खडा, किंवा दोन-तीन खजूर, आणि पेलाभर पाणी. भाकरी, तेलकट पदार्थ किंवा भरपूर दूध यावेळी घेऊ नये. पोटात मुरडा येतो. अर्धा तास हळू धावावयाचे असेल तर केवळ पाणी पिऊन निघाल्यासही हरकत नाही, परंतु आठ-दहा किलोमीटरच्या धावेस रिकामे पोट नको.

परत आल्यानंतरचा पहिला तास सर्वांत मोलाचा. या वेळी स्नायू अन्नातील साखर वेगाने ओढून घेतात. चहाने हे काम होत नाही. रात्री भिजत घातलेले मूग किंवा हरभरे, त्यावर लिंबू, जोडीला गूळ-फुटाणे व पेलाभर दूध किंवा ताक, अथवा कालची भाकरी दह्यात कुस्करून, किंवा दाणे घातलेले पोहे, यांपैकी काहीही चालते. त्यानंतर दोन-अडीच तासांनी पूर्ण जेवण घ्यावे. ज्या मुलांना सकाळी शाळेची बस गाठायची असते त्यांच्या आईने रात्रीच डबा भरून ठेवावा, असे लिहिणे सोपे आहे. आईच्या कामात आणखी भर टाकण्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने स्वतः मूग भिजत घालावेत आणि दाणे भाजून ठेवावेत, हे अधिक बरे.

उपवासाचा प्रश्न वारंवार विचारला जातो. चतुर्थी, एकादशी किंवा नवरात्राचा उपवास ज्यांना पाळावयाचा असेल त्यांनी त्या दिवशी हलका सराव करावा, आणि केवळ साबुदाण्यावर न राहता शेंगदाणे, दूध, दही, राजगिरा, केळी व रताळी घ्यावीत. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्रच. निर्जळी उपवास आणि लांब धाव एकाच दिवशी करू नये. रोजे ठेवणाऱ्या धावपटूंनी त्या महिन्यात सराव रोजा सोडल्यानंतर काही वेळाने ठेवावा.

लोह आणि संत्रा

धावणाऱ्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन हे त्याच्या स्नायूंपर्यंत प्राणवायू पोहोचविणारे वाहन होय. ते कमी असले तर कितीही सराव केला तरी वेळ सुधारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या पाचव्या फेरीत देशातील 15 ते 49 वर्षे वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे गावातील धावणाऱ्या मुलींपैकी निम्म्या मुली अशक्त रक्तावर धावत असण्याचा संभव आहे. त्यात मासिक पाळीने आणि घामाने लोह जाते, आणि कठीण रस्त्यावर तळवे वारंवार आपटल्याने काही रक्तपेशी फुटतात, त्या निराळ्याच. भारतीय स्त्रीस दिवसास 29 मिलिग्रॅम व पुरुषास 19 मिलिग्रॅम लोह लागते, असे 2020 साली ठरविण्यात आलेले प्रमाण आहे.

ज्वारी, डाळी, तीळ, हळीव आणि पालेभाज्या यांत लोह असते, परंतु वनस्पतींतील लोहाचा थोडाच अंश शरीर शोषून घेते. हा अंश वाढविण्याचे साधन म्हणजे जीवनसत्त्व ‘क’, आणि पांढुर्णा-सौंसरच्या शेतकऱ्याच्या बांधावरच ते लटकलेले असते. जेवणाबरोबर किंवा जेवण संपताच एक संत्रे खाल्ल्यास त्याच जेवणातील लोह अधिक प्रमाणात अंगी लागते. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फळे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. म्हणजे वर्षाचा बराच काळ हे फळ येथे उपलब्ध असते. सबंध बाग व्यापाऱ्यास दिली तरी बाजारात न चालणारी लहान फळे घरी राहतात. ती जनावरांपुढे टाकण्याऐवजी शाळेत आणि मैदानावर पोहोचली तर बरे होईल. बहार नसेल तेव्हा लिंबू, आवळा, पेरू किंवा ताजा सांबार ही भूमिका बजावतात. याउलट जेवणाला लागून घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो. तो तासभर पुढे ढकलावा. अंबाडीची आंबट भाजी लोखंडी कढईत शिजविण्याची जुनी रीत याच कारणाने हितकर आहे. गुळात लोह असते हे खरे, पण त्याविषयी जितके सांगितले जाते तितके नसते. गुळावर विसंबून रक्तक्षय बरा होत नाही.

10 ते 19 वर्षे वयोगटासाठी शाळा व अंगणवाडीमार्फत आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक अॅसिडची निळी गोळी दिली जाते आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी दिली जाते. मळमळते म्हणून मुले ती फेकून देतात. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते, हे शिक्षकांनी त्यांना समजावून सांगावे. हिमोग्लोबिन मुलींत 12 व तरुण पुरुषांत 13 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर आठवड्याची गोळी पुरत नाही. वैद्यकीय सल्ल्याने रोजचा उपचार घ्यावा लागतो आणि तोपर्यंत धाव कमी करावी लागते.

मुलींविषयी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. धावण्यास सुरुवात केल्यानंतर पाळी अनियमित झाली किंवा बंद पडली तर तिला ‘मेहनतीमुळे असे होतेच’ असे म्हणून सोडून देऊ नये. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती खूण असते. याच स्थितीत हाडे ठिसूळ होतात आणि नडगीचे हाड बारीक तडकते. अशा मुलीस आधी पोटभर जेवण आणि मग वैद्याची गाठ, हाच क्रम असावा. अनेक घरांत मुलगी सर्वांच्या शेवटी जेवते आणि भांड्यात वरणाचा तळ राहिलेला असतो. तिच्याकडून 14 किलोमीटरची अपेक्षा करणाऱ्या वडिलांनी संध्याकाळी एकदा तिच्या ताटात डोकावून पाहावे.

शाळेतील माध्यान्ह भोजनात प्राथमिक वर्गासाठी 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिक वर्गासाठी 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. ते आठव्या वर्गापर्यंतच मिळते. मुले उंचीला लागतात व गंभीर सरावास सुरुवात करतात ती नेमकी त्यानंतरच्या वर्षांत. गावातील दानशूर मंडळी स्पर्धेच्या दिवशी चषक व टोप्या वाटतात. त्याच पैशातून शाळेच्या धावपटूंना सरावानंतर रोज मूठभर फुटाणे व पेलाभर दूध देता आले, तर त्याचा उपयोग अधिक होईल असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाणी, मीठ आणि उन्हाळा

मार्चपासून या भागात ऊन कडक होते. धावण्यापूर्वी व नंतर आरोग्य उपकेंद्राच्या काट्यावर वजन करून पाहावे. 55 किलोच्या धावपटूचे वजन एका धावेत सव्वा किलोने उतरले तर तेवढे पाणी शरीरातून गेले आहे, आणि त्याची कार्यक्षमता निश्चित घटली आहे. तासाभरापेक्षा मोठ्या धावेत थोडे थोडे पाणी घेत जावे. त्याबरोबर मीठही हवे. केवळ साधे पाणी अतिरेकाने पिणे धोक्याचे असते. रक्तातील क्षार पातळ होऊन चक्कर, उलटी व शुद्ध हरपणे असे प्रकार घडतात. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, वर लिंबू, हे घरचे पेय उत्तम. मीठ घातलेले ताक किंवा ज्वारीच्या पिठाची अंबील धावेनंतर घ्यावी.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सिकलसेलचा उल्लेख येथेच करतो. मध्य भारतातील आदिवासी व इतरही काही समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना लांब धावू नये. जे केवळ वाहक आहेत ते एरवी निरोगी असतात व धावू शकतात. परंतु कडक उन्हात, पाणी न पिता, अंगातील सर्व शक्ती पणास लावून धावल्यास त्यांच्यातील एखाद्यास अचानक जीवघेणा त्रास होऊ शकतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ 1 जुलै 2023 रोजी मध्यप्रदेशातीलच शहडोल येथे झाला असून तपासणीची सोय शासकीय आरोग्य केंद्रांतून करण्यात येते. भरतीची तयारी सुरू करणाऱ्या प्रत्येकाने हिमोग्लोबिनसोबत ही तपासणी करून घ्यावी. खर्रा, बिडी आणि भरतीच्या आदल्या दिवशी चोरून विकल्या जाणाऱ्या ‘ताकदीच्या’ गोळ्या व सुया यांपासून तर दूरच राहावे. अशा गोळ्यांनी हृदयाची गती बिघडते.

आपल्याच मातीतील धावपटू

अँटवर्प येथे 1920 साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅम येथे 3,000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक पटकाविले. 1998 पासून त्या शर्यतीतील तिन्ही पदके दरवेळी केनियाचेच धावपटू नेत असत. या रेजिमेंटचे केंद्र आपल्याच प्रांतात, सागर येथे आहे. नागली-भात पिकणारा पाडा आणि ज्वारी-बाजरीचा दुष्काळी तालुका ही या दोघांची गावे. पांढुर्णा-सौंसरची काळी जमीन त्यांहून पुष्कळ उदार आहे.

परीक्षेच्या दिवशी

नवा पदार्थ या दिवशी कधीही खाऊ नये. जे खावयाचे ते सरावाच्या दिवशी आधी दोन-तीनदा खाऊन पाहिलेले असावे. आदल्या रात्री वरण-भात, पोळी, थोडी फळभाजी असे मऊ जेवण घ्यावे. हरभरे, चवळी, पालेभाजी व तिखट रस्सा त्या रात्रीपुरता टाळावा. परगावी मुक्काम असेल तर तिखट तर्रीचे पोहे आणि रस्त्यावरचे पाणी यांपासून सांभाळावे. दशमीसारखी टिकणारी पोळी, गूळ-फुटाणे व घरचे पाणी सोबत न्यावे. सकाळच्या परीक्षेपूर्वी दोन-अडीच तास पोहे, केळे किंवा दूध-पोळी खावी.

25 किलोमीटरच्या चालीत ताशी सव्वासहा किलोमीटर वेग राखावा लागतो. पहिल्या तासात उत्साहाने पुढे जाणारे तिसऱ्या तासात मागे पडतात, ते बहुधा खाणे-पिणे विसरल्याने. खिशात गुळाचे खडे, खजूर किंवा केळे ठेवावे आणि पहिल्या तासानंतर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम गोड व पिष्टमय पदार्थ पोटात जातील असे पाहावे. एक मोठे केळे व गुळाचा एक चांगला खडा मिळून 40 ग्रॅमच्या आसपास होतात. सोललेल्या संत्र्याच्या फोडींनी तोंडाचा कोरडेपणा जातो, पण त्यांतील साखर थोडी असल्याने केवळ त्यांवर भागत नाही. चक्कर, थंडी वाजणे, बोलणे अडखळणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच जागी थांबून पंचांना सांगावे. अंतर पूर्ण झाल्यावर लगेच जमिनीवर न आडवे होता पाच-दहा मिनिटे सावकाश चालावे, मग मीठ-साखरेचे पाणी व हलके खाणे घ्यावे, आणि परतीची गाडी पकडण्यापूर्वी पोटभर जेवून घ्यावे.